जुनाट दुखण्यात उपासना आणि हालचाल: नेम कसा बसवावा

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा डोकं वर काढणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. कंबर, मान, गुडघे, संधिवात, फायब्रोमायल्जिया (अंगभर पसरलेलं स्नायूंचं दुखणं), नसांची जळजळ, शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेला ठणका अशी नावं वेगवेगळी असली, तरी घरातलं चित्र बरंचसं सारखंच असतं. माणूस आधी फिरणं सोडतो, मग चार लोकांत जाणं सोडतो आणि श्रद्धावान असेल तर एक दिवस उपासनाही सुटते. जमिनीवर बसवत नाही, गुडघे टेकवत नाहीत, प्रार्थना संपेपर्यंत उभं राहवत नाही. ज्याचा आधार वाटायचा तेच हातचं जातं.

याच्या उलटही घडतं. 'देवाच्या कामात कसलं आलंय दुखणं' म्हणत माणूस दोन तास मांडी घालून बसतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतो. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा दोन तास. या चढउतारात शरीराची ताकद महिन्यागणिक घटत जाते आणि दुखण्याची भीती वाढत जाते.

उपासनेकडे सोसण्याची परीक्षा म्हणून पाहिलं तर ती दुखण्यात भर घालते. नेम म्हणून पाहिलं तर तीच मोठी मदत होते. ठरलेल्या वेळी उठवणारा आणि ठरलेल्या वेळी थांबवणारा नेम ही जुनाट दुखण्याच्या उपचारातली फार कठीण गोष्ट आहे, आणि श्रद्धावान माणसाकडे तो बहुधा आधीपासून असतो. तो शरीराला झेपेल असा कसा बसवायचा, ते क्रमाने पाहू.

आधी तपासणी

दुखण्याचं निदान झालेलं नसेल तर पहिली पायरी डॉक्टरांकडेच जाते. निदान झालेलं असलं तरी पुढच्या खुणा दिसल्या तर थांबू नका: लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने जाणे. या तीन गोष्टींसाठी त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं वाटणं हेही तसंच. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेली कळ, लाल, गरम, सुजलेला सांधा किंवा रात्री झोपेतून उठवणारं नवं दुखणं असेल तरी लगेच दाखवा. प्रार्थना सोबत चालू द्या, पण तपासणी तिच्यामुळे पुढे ढकलू नका.

तपासणीच्या वेळी एक प्रश्न आवर्जून विचारा: 'मला कोणती हालचाल पूर्णपणे वर्ज्य आहे?' गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, हाडं ठिसूळ असतील, मणक्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर वाकण्या-टेकण्याचे नियम वेगळे असतात. उत्तर कागदावर लिहून घ्या. 'जपून राहा' हे उत्तर नव्हे. काय करायचं नाही आणि काय बिनधास्त करायचं, हे दोन्ही कळायला हवं.

दुखतंय म्हणजे इजा होतेय असं नाही

हे मनात नीट बसल्याशिवाय पुढचं काहीच साधत नाही. नव्या जखमेचं दुखणं धोक्याची घंटा असते. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी झालेली असते आणि घंटा थोड्याशा धक्क्यानेही वाजते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की मज्जारज्जूत जणू एक दार असतं. शरीराकडून येणारे संदेश तिथे कमी-जास्त होतात आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते दार उघडतात किंवा लोटतात. भीती, एकटेपणा आणि अपुरी झोप ते उघडतात. हालचाल, लक्ष दुसरीकडे गुंतणं आणि सुरक्षित वाटणं ते लोटतात.

श्रद्धेचा संबंध इथे येतो. ऑक्सफर्डमध्ये झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे. त्यात १२ श्रद्धावान कॅथलिक आणि १२ अश्रद्ध व्यक्तींना विजेचे हलके चटके देताना कधी मेरीमातेचं, तर कधी एका सामान्य स्त्रीचं चित्र दाखवलं गेलं. मेरीचं चित्र समोर असताना श्रद्धावानांना चटका कमी जाणवला आणि त्या वेळी वेदनेला नवा अर्थ देणारा मेंदूचा भाग अधिक सक्रिय दिसला. चटका तेवढाच होता, कमी झाली ती त्याची धार. श्रद्धेकडून एवढी अपेक्षा रास्त आहे: धार कमी व्हावी आणि दिवस चालू राहावा.

मोजमाप: आपला पाया किती

सहा दिवस एक वही जवळ ठेवा. शक्य तर तीन बरे दिवस आणि तीन वाईट दिवस त्यात यावेत. तीन गोष्टी मोजा: किती मिनिटं चालल्यावर, किती मिनिटं बसल्यावर आणि किती मिनिटं उभं राहिल्यावर दुखणं नेहमीपेक्षा *वाढायला लागतं*. असह्य होईपर्यंत थांबायचं नाही, वाढायला लागल्याचा क्षण पकडायचा.

समजा, चालण्याचे आकडे १२, ७, १०, ६, ९ आणि १० मिनिटं आले. बेरीज ५४, सरासरी ९. त्यातून पाचवा हिस्सा वजा करा, म्हणजे साधारण ७ मिनिटं. हा तुमचा पाया. बऱ्या दिवशीही ७ आणि वाईट दिवशीही ७. बसण्याचा आणि उभं राहण्याचा पाया असाच काढा.

नेम मोडतो तो बहुतेक वेळा बऱ्या दिवशी. अंग हलकं वाटतं, वेळ संपली तरी माणूस थांबत नाही आणि दुसऱ्या दिवशी किंमत मोजतो. म्हणून घड्याळ लावायचं ते थांबण्यासाठी. दोन आठवडे पाया नीट जमला की दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवा. ७ मिनिटांत तो एक मिनिटही भरत नाही, तेव्हा सुरुवातीला दहा दिवसांनी एक मिनिट पुरे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस जुनाट आजार असलेल्या प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम अशी आहे. तो आकडा दूरचा म्हणून नजरेसमोर ठेवा, पण उद्याच्या दिवसावर त्याचं ओझं टाकू नका. न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, हेही त्याच शिफारशीत आहे.

उपासनेच्या वेळांना हालचाल बांधा

दिवसातून एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा ७-७ मिनिटं चार वेळा चालणं जुनाट दुखण्यात सहसा जास्त मानवतं. अडचण असते ती चार वेळा आठवण कोण करून देणार याची. प्रार्थनेच्या वेळा ते काम करतात. ज्यांच्या दिवसात पाच वेळा आहेत त्यांनी पाच, ज्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ आहे त्यांनी दुपारी आणि झोपण्यापूर्वी एकेक छोटी प्रार्थना जोडावी.

प्रत्येक वेळेला तीन भाग ठेवा. आधी दोन मिनिटं अंग मोकळं करणं: खांदे, मान, घोटे. मग प्रार्थना, पण बसण्याचा किंवा उभं राहण्याचा पाया जितका असेल तितकीच. शेवटी ठरलेली मिनिटं चालणं, हवं तर नामस्मरण करत. प्रार्थना मोठी असेल तर तिचे तुकडे पाडा. ४० मिनिटांचा पाठ १० मिनिटांच्या चार बैठकांत पूर्ण करता येतो. सलग व्हायलाच हवा असा आपल्या परंपरेचा दंडक असेल, तर मध्ये उभं राहून तो चालू ठेवता येतो का हे आपल्या धर्मगुरूंना विचारा.

विचारायला संकोच करू नका, कारण सवलत जवळपास प्रत्येक परंपरेत आधीपासून आहे. इस्लाममध्ये उभं राहता येत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर आडवं होऊन नमाज पढण्याची मुभा आहे. बौद्ध परंपरेत बसणं, उभं राहणं, चालणं आणि पहुडणं या चारही स्थितींत ध्यान सांगितलं आहे. हिंदू परंपरेत मानसपूजा आहे. ही सवलत म्हणजे कमी प्रतीची उपासना नाही.

बसणं, वाकणं, उठणं

खुर्ची स्थिर, बिनचाकांची आणि हात असलेली घ्या. बसल्यावर खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर आणि तळवे पूर्ण टेकलेले हवेत. खुर्ची बुटकी असेल तर ५ ते ८ सेंटीमीटर जाडीची घट्ट घडी खाली घाला. मऊ सोफा टाळा, त्यात कंबर खाली जाते आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. पोथी किंवा ग्रंथ मांडीवर ठेवून वाचणारे मानदुखीची तक्रार हमखास करतात. ग्रंथ छातीच्या उंचीवर येईल असा आधार द्या.

उभं राहावं लागत असेल तर १० ते १५ सेंटीमीटर उंचीच्या ठोकळ्यावर एक पाय ठेवा आणि काही मिनिटांनी पाय बदला. कंबरेचा बाक हलका होतो.

पहाटेच्या उपासनेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्यानंतरचा पहिला तासभर पुढे वाकल्यास त्यांच्यावर ताण जास्त येतो. कंबरदुखी असणाऱ्यांनी या तासात खोल वाकणं टाळावं: नमन मान झुकवून किंवा खुब्यातून हलकंसं, पाठ सरळ ठेवून. पूर्ण नमस्कार करायचाच असेल तर तो नंतरच्या वेळेला. ज्यांचे सांधे सकाळी आखडलेले असतात त्यांनी आधी कोमट पाण्यात हात-पाय हलवून घ्यावेत आणि प्रार्थनेची सुरुवात बसून करावी.

गुडघे टेकायचे असतील तर ५ ते ८ सेंटीमीटर जाडीची घट्ट गादी हवी, पातळ सतरंजी पुरत नाही. जमिनीवरून उठताना तर बरीच दुखापत होते, म्हणून ती कृती सावकाश शिकून घ्या. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची समोर ठेवा. एका कुशीवर कलून दोन्ही हात जमिनीवर टेका आणि हात-गुडघ्यांवर या. खुर्चीजवळ सरका. बळकट पायाचा तळवा पुढे ठेवा, दोन्ही तळहात खुर्चीच्या बैठकीवर. आता नाक पुढच्या गुडघ्याच्या वर येईल इतकं झुका. इथे घाई होते आणि माणूस मागे भार ठेवून ताठ उठायला जातो, कळ तिथेच निघते. श्वास सोडत हातांनी आणि पायाने एकत्र जोर द्या. उभे झालात की खुर्ची धरून दहापर्यंत मोजा आणि मगच पाऊल टाका. खाली बसताना हाच क्रम उलटा: कमजोर पाय मागे, त्याचा गुडघा आधी खाली. सुरुवातीचे काही दिवस घरातलं कुणीतरी जवळ असू द्या.

जप आणि श्वास

२००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात २३ निरोगी व्यक्तींनी लॅटिनमधली रोझरी (कॅथलिकांची माळेवरची प्रार्थना) आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हटला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहा वेळांवर आला. एरवी तो साधारण १२ ते २० वेळा होतो. हा संथ श्वास हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या लयीला मानवतो आणि ताणलेलं शरीर सैल पडायला मदत होते.

आपल्या जपातलं असं एक वचन निवडा जे म्हणायला साधारण सहा सेकंद लागतात. चार सेकंद नाकाने श्वास आत, मग श्वास सोडत सोडत पुटपुटत ते वचन. एक आवर्तन दहा सेकंदांचं, मिनिटाला सहा. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दहापर्यंत जा. माळ वापरत असाल तर मणी बोटांच्या चिमटीत आवळू नका. अंगठ्याने तो हळूच पुढे सरकवायचा, इतका हलका की मण्याचा खरखरीतपणा, थंडपणा, दोऱ्याची गाठ जाणवावी. लक्ष त्या स्पर्शात राहतं, तेव्हा दुखऱ्या जागेवरून ते अलगद उठतं. बोटांचे सांधे दुखत असतील तर माळ मांडीवर पसरा किंवा मोठे मणी घ्या.

काय चुकतं? डोकं हलकं वाटलं, ओठांना मुंग्या आल्या तर श्वास गरजेपेक्षा खोल होतोय. खोली कमी करा, संथपणा तसाच ठेवा. श्वास रोखून धरू नका. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर सेकंद मोजण्याचा हट्ट नको, सहज जमेल तितकंच संथ व्हा. आणि एक मनापासून सांगणं: दुखणं जावं म्हणून जप करू नका. प्रत्येक मण्यानंतर 'गेलं का?' असं तपासत राहिलं की लक्ष पुन्हा दुखण्यावरच येतं.

उपवास आणि गोळ्या

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या रिकाम्या पोटी जठराच्या अस्तराला त्रास देतात, रक्तस्रावही होऊ शकतो. पाणी न पिता केलेल्या उपवासात त्या मूत्रपिंडांना आणखी जड जातात, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या सोबत चालू असतील तर. उपवासाच्या दिवशी 'सोसवत नाही' म्हणून यातली गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे, पण निरोगी प्रौढासाठीही दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा पोटात काही नसेल तर ती आणखी खाली येते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही धरायचं.

प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रामाडॉल आणि स्टेरॉइड ही औषधं एकदम बंद केली तर त्रास उलटतो. स्टेरॉइडच्या बाबतीत तर जीवावर बेतू शकतं. उपवासाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना वेळापत्रक दाखवा. पुष्कळदा डोस उपवासाआधीच्या आणि नंतरच्या जेवणाला जोडता येतो. नाही जमलं तर पाणी आणि फळांवरचा उपवास, अर्ध्या दिवसाचा उपवास किंवा उपवासाऐवजी मौन अथवा दान असे पर्याय आहेत. आजाऱ्याला रमजानचे रोजे पुढे भरून काढण्याची मुभा कुराणातच दिलेली आहे.

सामुदायिक प्रार्थना, सेवा, यात्रा

जुनाट दुखण्यात एकटेपणा फार खातो, म्हणून समूह सोडू नका, जाण्याची पद्धत बदला. ओळीच्या कडेची जागा धरा, म्हणजे कुणाला न उठवता मागे जाऊन उभं राहता येतं. दोन तासांच्या कार्यक्रमाला पाऊण तास थांबून निघायचं, हे आयोजकांना आधीच सांगून ठेवा. वाक्य साधं असू दे: 'मला वीस मिनिटांपेक्षा जास्त बसता येत नाही, मी मध्ये उठेन, काळजी करू नका.' एकदा स्पष्ट सांगितलं की दर वेळी खुलासा करावा लागत नाही.

सेवा मागून घ्या. जड उचलण्याची, वाढण्याची, तासभर उभं राहण्याची कामं सोडा. हिशेब, फोनवरून चौकशी, वाचन, मुलांना शिकवणं, नवीन आलेल्यांचं स्वागत यांतलं काहीही चालेल. कुणाच्या तरी उपयोगी पडतोय ही जाणीव दुखण्याने हिरावलेली असते.

पायी यात्रेची इच्छा असेल तर किमान तीन महिने आधी तयारी सुरू करा. रोजचा पाया वाढवत नेऊन यात्रेतल्या एका दिवसाच्या अंतराच्या साधारण निम्मं अंतर आठवड्यातून दोनदा, दुखण्याची उसळी (दुखणं एकदम वाढणं) न येता पार झालं पाहिजे. तेवढं होत नसेल तर यात्रेचा एखादाच टप्पा चाला, बाकी वाहनाने करा. बूट नवे नकोत, किमान महिनाभर वापरलेले हवेत.

श्रद्धा जिथे टोचते

धर्म आणि मानसशास्त्र यांचे अभ्यासक केनेथ पार्गामेंट यांनी संकटातल्या श्रद्धेचे निरनिराळे प्रकार नोंदवले. देवासोबत मिळून मार्ग काढणं हा एक. सगळं देवावर सोपवून हात बांधून बसणं हा दुसरा. आणि 'हे माझ्या पापाचं फळ आहे', 'देवाने मला टाकलं' या विचारांत अडकणं हा तिसरा. पहिला सहसा माणसाला उभं करतो, तिसरा नैराश्यात ढकलतो.

आपण कुठे आहोत हे प्रार्थनेतल्या शब्दांवरून कळतं. 'हे घालव' एवढंच रोज म्हटलं जात असेल तर त्यात एक वाक्य जोडा: 'आजची सात मिनिटं चालायला माझ्यासोबत ये.' राग येत असेल तर तोही प्रार्थनेत बोला. देवाशी भांडणारी, गाऱ्हाणं मांडणारी प्रार्थना पुष्कळ परंपरांत सापडते. मात्र अपराधीपणा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल तर धर्मगुरूंबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच, आत्ता, जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या. आणि 'श्रद्धा कमी पडली म्हणून बरं होत नाही' असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. मज्जासंस्था हळवी होणं हा श्रद्धेचा निकाल नाही.

उसळीचे दिवस

कितीही नीट चाललं तरी दुखणं अधूनमधून उसळणारच. त्यासाठीचं कार्ड बऱ्या दिवशी लिहून ठेवा, कारण उसळीत विचार सुचत नाहीत. कार्डावर एवढं हवं: औषध कोणतं, किती, किती तासांनी; कुणाला फोन करायचा; आणि एका ओळीची प्रार्थना, मोठी नको.

पहिले दोन दिवस हालचाल पायाच्या निम्म्यावर आणा, शून्यावर नाही. ७ मिनिटांऐवजी साडेतीन, घरातल्या घरात. सलग झोपून राहिल्याने स्नायू आणखी आखडतात. दर तासाला अंथरुणातच घोटे आणि गुडघे हलवा, कूस बदला. शेक १५ ते २० मिनिटं, मध्ये कापड ठेवून. बधिर जागी शेक देऊ नका. प्रार्थनेची वेळ पाळा, तिची लांबी नको. आडवं राहून सहा आवर्तनं संथ श्वास आणि एक ओळ झाली की त्या वेळेचा नेम झाला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाऊण पायावर या, आठवडाभरात पूर्ण पायावर. जिथवर वाढवत नेलं होतं तिथून थेट सुरुवात करू नका. नंतर वहीत मागचे तीन दिवस पाहा: झोप, जास्तीची मिनिटं, उचललेलं ओझं, चुकलेली गोळी, झालेला वाद. तीन-चार उसळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की आपली नेमकी चूक दिसायला लागते. दर वेळी तोच समारंभ, तीच लांब बैठक आढळली तर पुढच्या वेळी तिथली मिनिटं आधीच ठरवून घरच्यांना सांगा. दोन आठवडे होऊनही पूर्ण पाया गाठता आला नाही किंवा दुखण्याची जागा वा जात बदलली, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि वही सोबत न्या.